निनावी शब्द आणि आपली माणसे

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत आज सर्वांत अधिक वाचले जाणारे लेखन कोणते, असा प्रश्न कुणी विचारला तर कथा-कवितेचे किंवा वर्तमानपत्राचे नाव घेता येणार नाही. मोबाइलवर एकाकडून दुसऱ्याकडे जाणारा मजकूर, चित्रफिती आणि ध्वनिफिती, हेच इथले आजचे लोकवाचन आहे. कोळसा खाणीतला कंत्राटी कामगार, वसतिगृहातला विद्यार्थी, तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाईचा मुलगा, सारे ते वाचतात आणि पुढे पाठवतात. ज्या मजकुरातून समाजमन घडते त्याची समीक्षा झालीच पाहिजे. तो कागदावर छापला आहे की नाही, हा प्रश्न गौण आहे.

प्रस्थापित साहित्यिक या लेखनाला कचरा म्हणून मोकळे होतात. त्यांचा हा शेरा आपण उचलण्याचे कारण नाही. आपल्या लेखनावरही एके काळी हाच शेरा मारला गेला होता. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले, तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला ‘केसरी’ तयार झाला नाही. छापखाना, संपादकाची खुर्ची आणि वितरण या तिन्ही ठिकाणी वरच्या जातींचा पहारा होता. मोबाइलने तो पहारा सैल केला, हे मान्य करावे लागेल. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चांद्याला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, त्याची वार्ता जंगलातल्या गावांपर्यंत माणसांच्या तोंडून पोहोचली असेल. आज त्याच दीक्षाभूमीवरचा कार्यक्रम सिरोंच्यात बसून त्याच क्षणी पाहता येतो. अर्थात, तिथे नेटवर्क असेल तर! भामरागड-एटापल्लीच्या आतल्या गावांना अजूनही या ‘अर्थात’चा अर्थ रोज कळतो.

परंतु ‘मूकनायक’ आणि आजचा फॉरवर्ड यांत एक मूलभूत फरक आहे. ‘मूकनायक’वर संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते आणि त्या शब्दांमागे कोण उभे आहे, हे उघड होते. चुकीचे छापले तर जाब कुणाला विचारायचा, हे शत्रूलाही ठाऊक होते. फॉरवर्डला लेखक नाही, गाव नाही, तारीख नाही. तो निनावी आहे. आणि माझे म्हणणे असे की, जो शब्द निनावी असतो तो शेवटी आपल्याच माणसांना निनावी करतो.

याचा पहिला पुरावा वाघ. ताडोब्याच्या वाघांची छायाचित्रे देशभर वाटली जातात. ‘माया’ नावाच्या वाघिणीला तर दूरदूरचे लोक नावाने ओळखत. २०२३ मध्ये ती दिसेनाशी झाली तेव्हा हळहळ व्यक्त झाली. वाघाविषयी ममता असण्यात गैर काही नाही. पण त्याच वाटपात माणसाचे स्थान काय? १३ माणसांचा बळी घेणारा वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा परिसरात जेरबंद झाला. त्याला ‘सीटी-१’ हे नाव मिळाले, त्याच्या पिंजऱ्याची छायाचित्रे फिरली. त्या १३ जणांची नावे किती जणांना सांगता येतील? १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला वाघाच्या हल्ल्यात ठार झाल्या. बातमी फिरली ती ‘तीन महिला ठार’ एवढीच. त्या पहाटे जंगलात का गेल्या, शेकड्याला किती पैसे मिळतात, त्या मजुरीशिवाय उन्हाळ्यात त्यांच्या चुलीचे काय होते, हे सांगायला फॉरवर्डमध्ये जागा नसते. पर्यटकाच्या कॅमेऱ्याला जंगलात वाघ दिसतो, पान तोडणारा हात दिसत नाही. ही सौंदर्यदृष्टी जुनीच आहे. फक्त तिला आता वेग आला आहे.

दुसरा पुरावा याहून भयंकर आहे आणि त्यासाठी धुळे जिल्ह्यात जावे लागते. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी होते; भिक्षा मागत गावोगाव फिरणारे भटके. ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊनही त्यांचा जीव वाचला नाही. त्या अफवेचा लेखक कोण? कुणीच नाही. ज्यांनी ती पुढे पाठवली ते सारे ‘आम्ही फक्त पाठवले’ म्हणू शकतात. पण अफवा कुणावर जाऊन आदळली ते पाहा. ज्याला गाव नाही, घर नाही, ओळख सांगणारा शेजारी नाही, त्याच्यावर. भटक्याकडे संशयाने पाहण्याची सवय व्हॉट्सॲपने निर्माण केलेली नाही. ती इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात होती आणि त्याच्याही आधी गावगाड्यात होती. त्यानंतर कंपनीने भारतात एकावेळी पाचच जणांना फॉरवर्ड पाठवण्याची मर्यादा घातली. आकडा कमी झाला. दृष्टी बदलली काय?

मोबाइलने सर्वांना समान केले, असे म्हणणाऱ्यांनी शिर्डीही आठवावी. मे २०१५ मध्ये तिथे एका दलित तरुणाचा खून झाला. त्याच्या फोनवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, तिथून भांडण सुरू झाले, असे त्याच्या सोबत्यांनी सांगितले. तेच यंत्र, तेच गाणे. पण ते कुणाच्या खिशात वाजते, यावर त्याची किंमत ठरते.

आपल्या भागातल्या झाडीपट्टी रंगभूमीचीही या वाटपात अशीच कापाकापी होते. दिवाळीनंतर वडसा हे नाट्यमंडळांचे केंद्र गजबजते, मंडई-शंकरपटाच्या गावी रात्रभर नाटके चालतात. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्यांना या रंगभूमीचा पत्ता लागला. मोबाइलवर मात्र फिरतो तो बहुधा नाच किंवा एखादा हशा. दारू, हुंडा, कर्ज यांवर प्रेक्षक अस्वस्थ होतो तो प्रवेश तीस सेकंदांत मावत नाही. झाडीबोली ऐकून हसणे सोपे असते; ती बोलणाऱ्याचे दुःख ऐकायला रात्र काढावी लागते.

मग करायचे काय? मोबाइल टाकून द्यायचा काय? मुळीच नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यात खैरलांजी घडले, तेव्हा मोठ्या वृत्तपत्रांना त्याचे गांभीर्य कळायला कित्येक आठवडे लागले. ते लोकांसमोर आणण्यात कार्यकर्त्यांच्या सत्यशोधन अहवालांचा मोठा वाटा होता. ज्यांनी गावात जाऊन विचारले त्यांनी आपल्या नावानिशी लिहिले. आपल्या शेजारच्या छत्तीसगडमध्ये २०१० साली सुरू झालेल्या ‘सीजीनेट स्वर’ने हीच रीत साध्या फोनवर आणली. आदिवासी माणूस गोंडीत किंवा हिंदीत आपले नाव, गाव आणि गाऱ्हाणे सांगे. ते तपासून मगच सर्वांना ऐकवले जाई. संबंधित अधिकाऱ्याचा फोन क्रमांकही दिला जाई. अक्षर न येणारा माणूसही जबाबदार वार्ताहर होऊ शकतो, हे त्यातून सिद्ध झाले. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने अभ्यासगटात चर्चा करून, ग्रामसभेत एकमत करून निर्णय घेतले आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. शब्द समोरासमोर तपासण्याची ही परंपरा आपल्याच जंगलातली आहे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी, विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी आपल्यापुरती एक कसोटी लावावी. हाती आलेला मजकूर कुणाचा, कुठला, केव्हाचा, हे कळल्याशिवाय पुढे पाठवू नये. आणि स्वतः लिहिताना मेलेल्याचे, लढणाऱ्याचे नाव आणि गाव लिहावे. अत्याचारग्रस्त स्त्रीचे नाव मात्र झाकलेच पाहिजे. तिथे नाव उघड करणे हा दुसरा अत्याचार ठरतो. शिक्षकांनी वर्गात एक फॉरवर्ड फळ्यावर लिहून त्याचा लेखक शोधायला मुलांना सांगावे. लेखक सापडणार नाही. पण तो मजकूर कुणाच्या विरुद्ध लिहिला आहे, हे मुलांना नक्की सापडेल, आणि आपल्या समीक्षेचे काम तिथूनच सुरू होते.