‘हेलो २’चा वारसा नेमका कशात आहे? जुळवणी, आकडे आणि बंद झालेले सर्व्हर

संशोधनाच्या प्रस्तावात ‘वारसा’ हा शब्द आला की चांगला मार्गदर्शक लगेच तीन प्रश्न विचारतो. कोणी दिला? कोणाला दिला? आणि नेमकं काय दिलं? या तिन्हींची उत्तरं नसतील तर तो शब्द फक्त कौतुकाचा राहतो, संशोधनाचा होत नाही. आज हेच तीन प्रश्न एका व्हिडिओ गेमला विचारून बघू. गेम आहे ‘हेलो २’. बंजी या स्टुडिओने तो बनवला आणि मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्सवर ९ नोव्हेंबर २००४ ला तो आला. कन्सोलवरच्या ऑनलाइन शूटर गेमबद्दल कुठेही लिहिलं जातं तेव्हा हे नाव येतंच, आणि बहुतेक वेळा चुकीच्या कारणासाठी येतं.

नेहमीची गोष्ट आणि तिच्यातली भोकं

नेहमीची गोष्ट अशी: ‘हेलो २’ने कन्सोलवर ऑनलाइन खेळणं सुरू केलं. हे टिकत नाही. सेगाच्या ड्रीमकास्टवर २००० मध्येच ‘क्वेक ३ अरीना’ इंटरनेटवरून खेळता येत होता. प्लेस्टेशन २ वर २००२ मध्ये ‘सोकॉम’ आला, तोही हेडसेटवर बोलत खेळायची सोय घेऊन. खुद्द एक्सबॉक्स लाइव्ह ही सेवा नोव्हेंबर २००२ मध्ये सुरू झाली, म्हणजे ‘हेलो २’च्या दोन वर्षं आधी. त्याहीआधी, १९९७ मध्ये, ‘गोल्डनआय ००७’ने एकाच टीव्हीचे चार तुकडे करून चार जणांना सोफ्यावर बसवलं होतं.

तेव्हा ‘पहिला कोण’ हा प्रश्न सोडून द्या. पहिलेपणाचे दावे प्रबंधात फार महाग पडतात. एक जुना दाखला सापडला की अख्खं प्रकरण कोसळतं. त्याऐवजी ‘यानंतर काय बदललं आणि मग तसंच राहिलं’ असं विचारा.

बदललं ते हे. ‘हेलो २’च्या आधी ऑनलाइन खेळायचं म्हणजे यादी उघडायची, कोणाचा सर्व्हर किंवा कोणाची खोली रिकामी आहे ते बघायचं आणि आत शिरायचं. ‘हेलो २’मध्ये ती यादीच नव्हती. खेळाडू फक्त एक ‘प्लेलिस्ट’ निवडायचा: चार विरुद्ध चार, किंवा मोठ्या संघांची लढाई, किंवा सगळे एकमेकांविरुद्ध. नकाशा कोणता आणि समोर कोण, हे यंत्रणा ठरवायची. बंजीत ऑनलाइन भागाची आखणी करणारे मॅक्स होबरमन यांची कल्पना होती ‘आभासी सोफ्या’ची. मित्रांचा गट एकदा जमला की तो गट एकत्रच एका सामन्यातून दुसऱ्या सामन्यात जाणार, मध्येच कोणी सुटणार नाही. जुना सोफा ऑनलाइन न्यायचा, पण सोफ्यावर समोर कोण बसणार हे मात्र यंत्रणेने ठरवायचं.

माझा मुद्दा एवढाच आहे: ‘हेलो २’चा वारसा बंदुकांमध्ये नाही, नकाशांमध्येही नाही. ‘मी कोणाशी खेळायचं’ हा निर्णय खेळाडूच्या हातातून यंत्रणेच्या हातात गेला, तो वारसा आहे. तुमच्यापैकी अनेकांनी कन्सोलला कधी हातही लावला नसेल. पण मोबाइलवर पबजी किंवा बीजीएमआय उघडून ‘स्टार्ट’ दाबलं असेल, तर हा वारसा तुमच्याही खिशात आहे. याउलट ज्यांनी सायबर कॅफेत ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळलं, त्यांना समोरच्या रांगेतला शत्रू नावाने माहीत असायचा.

जुळवणीचं गणित

यंत्रणा जोडीदार निवडणार म्हणजे तिला प्रत्येकाचं कौशल्य आकड्यात हवं. बुद्धिबळात यासाठी एलो गुणांकन आहे. पण ते दोन माणसांच्या सामन्यासाठी बनलेलं आहे. आठ जणांच्या संघाने सामना जिंकला, तर श्रेय कोणाला किती? आणि नवीन आलेल्या माणसाबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही, ते कसं मांडायचं?

केंब्रिजच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या हर्ब्रिश, मिंका आणि ग्रेपल यांनी यावर ‘ट्रूस्किल’ ही पद्धत मांडली. २००६ च्या त्यांच्या शोधनिबंधात पद्धत तपासायला वापरलेली माहिती ‘हेलो २’च्या चाचणी आवृत्तीतल्या सामन्यांची होती. कल्पना सोपी आहे. प्रत्येक खेळाडूसाठी दोन आकडे ठेवायचे: त्याचं कौशल्य अंदाजे किती, आणि त्या अंदाजाबद्दल आपण किती अनिश्चित आहोत. सुरुवातीला अंदाज २५ आणि अनिश्चितता त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे साधारण ८.३३. क्रमवारीत दाखवायचा आकडा म्हणजे अंदाजातून अनिश्चिततेची तिप्पट वजा. नवीन माणसाचं उत्तर येतं शून्य. सामने होत जातात तशी अनिश्चितता घटते आणि दिसणारा आकडा खऱ्या कौशल्याकडे सरकतो.

ज्यांनी संख्याशास्त्राचा पेपर दिलाय त्यांना यात बेझ ओळखू येईल. ज्यांनी दिला नाही त्यांनी एवढंच लक्षात ठेवा: यंत्रणा ‘तू किती चांगला’ एवढंच मोजत नाही, ‘तुझ्याबद्दल मला किती खात्री आहे’ हेही मोजते.

आता टीका. अनिश्चितता घटली की आकडा हलेनासा होतो. २००७ च्या ‘हेलो ३’मध्ये, जिथे १ ते ५० अशा पायऱ्या होत्या, खेळाडूंची हीच तक्रार होती: शेकडो सामने खेळून पायरी अडकते. मग लोकांनी काय केलं? नवीन खातं उघडलं. नव्या खात्याबद्दल यंत्रणेला खात्री नसते, म्हणून तिथे पायऱ्या भराभर चढता येतात. म्हणजे कौशल्य मोजायला बनवलेल्या आकड्यानेच लोकांना स्वतःची ओळख टाकून द्यायला शिकवलं. आणि नव्या खात्याआडच्या त्या मुरलेल्या खेळाडूसमोर खरोखरच नवखा माणूस येऊन पडायचा. गणित बरोबर होतं, पण आकडा दिसायला लागला की माणसं आकड्यासाठी खेळतात, हे गणितात नव्हतं.

दुसरा आकडा, जो कधीच खाली येत नाही

नोव्हेंबर २००७ मध्ये ‘कॉल ऑफ ड्यूटी ४: मॉडर्न वॉरफेअर’ आला. त्यातही पायऱ्या होत्या, ५५. पण हा आकडा वेगळ्या जातीचा. ‘हेलो’त हरलात की पायरी उतरायची शक्यता असे. इथे हरलात तरी गुण मिळतात, आकडा फक्त वर जातो. वर जाताना नवी बंदूक, नवी सवलत उघडत जाते. ५५ गाठल्यावर सगळं सोडून पहिल्यापासून सुरू करायचं आणि नावापुढे एक बिल्ला मिळवायचा.

पहिला आकडा कौशल्य मोजतो, दुसरा हजेरी. आजच्या बहुतेक शूटरमध्ये दोन्ही आहेत, पण त्यांची वाटणी बघा. हजेरीचा आकडा मोठ्या अक्षरात समोर दिसतो. कौशल्याचा आकडा मात्र साध्या सामन्यांमध्ये पडद्यामागे गेला. तो वापरला जातो, पण दाखवला जात नाही. ‘कॉल ऑफ ड्यूटी’च्या खेळाडूंमध्ये जुळवणीवरून वर्षानुवर्षं जो वाद चाललाय, त्याचं मूळ मला इथे दिसतं. कौशल्यानुसार जुळवणी बरी की वाईट हा वाद वरवरचा आहे. खरी खदखद ही की निर्णय झाला, पण कशाच्या आधारावर ते कळलं नाही.

२०२४ मध्ये अॅक्टिव्हिजनने याबद्दल स्वतःचा अहवाल काढला. काही खेळाडूंसाठी कौशल्याचा विचार सैल करून पाहिला, तर बहुसंख्य खेळाडू कमी परतले, असा निष्कर्ष. संशोधक म्हणून हा निष्कर्ष वाचताना थांबा. ‘परत येणं’ हे मोजमाप कोणी निवडलं? परत येणं म्हणजे मजा येणं असं गृहीत धरायचं का? माहिती कंपनीची, प्रयोग कंपनीचा, मोजमापही कंपनीचं. म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही. पण त्याने कुठल्या प्रश्नाचं उत्तर दिलं आणि कुठला प्रश्न विचारलाच नाही, हे वेगळं लिहावं लागतं. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सशी संबंधित संशोधकांनी २०१७ मध्येच असा निबंध मांडला होता, ज्यात जुळवणीचं उद्दिष्ट बरोबरीचा सामना हे नसून खेळाडू खेळत राहणं हे धरलं होतं. दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

आणि हा वारसा कन्सोलपुरता राहिला नाही. २००९ मध्ये ‘मॉडर्न वॉरफेअर २’च्या पीसी आवृत्तीतून खेळाडूंनी स्वतः चालवायचे सर्व्हर काढून टाकले गेले आणि कन्सोलसारखी जुळवणी आली. हजारो पीसी खेळाडूंनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या. ‘कोणाला दिला’ या प्रश्नाचं इतकं स्वच्छ उत्तर क्वचित मिळतं.

आवाज कोणाचा?

‘हेलो २’मध्ये जवळ आलेल्या शत्रूचा आवाज ऐकू यायचा. सामना संपल्यावर दोन्ही संघ एकाच खोलीत बोलायचे. जुने खेळाडू याबद्दल फार हळवेपणाने लिहितात: तिथेच ओळखी झाल्या, तिथेच मित्र मिळाले. ते खरं आहे. पण तेवढंच खरं नाही.

किशोना ग्रे यांचं २०१४ चं पुस्तक एक्सबॉक्स लाइव्हवरच्या वंश आणि लिंगभेदाबद्दल आहे. कृष्णवर्णीय स्त्रिया बोलायला लागल्या की केवळ आवाजाच्या ढबीवरून त्यांना ओळखलं जायचं आणि मग शिव्या, छळ सुरू व्हायचा, हे त्यांनी खेळाडूंमध्ये राहून नोंदवलं. यंत्रणेने कौशल्य जुळवलं. अनोळखी माणसाशी कसं वागायचं, हे तिने कोणालाच विचारलं नाही. कॅफेत समोरच्या रांगेत बसलेल्याला शिवी देताना माणूस थोडा विचार करतो. पुन्हा कधीच न भेटणाऱ्याला देताना करत नाही.

२००८ च्या शेवटी एक्सबॉक्स ३६० वर फक्त मित्रांशी बोलायची वेगळी सोय आली आणि अनेकांनी सामन्यातला आवाज बंद केला. काहीजण याला ‘समाज संपला’ म्हणतात. ज्यांच्या वाट्याला त्या समाजातला त्रास आला, त्यांच्यासाठी ही सुटका होती. आठवणींवर संशोधन करणार असाल तर एवढं नक्की तपासा: आठवण सांगायला कोण उरलंय, आणि कोण आधीच निघून गेलंय?

सर्व्हर बंद झाल्यावर काय उरतं?

१५ एप्रिल २०१० ला मायक्रोसॉफ्टने पहिल्या एक्सबॉक्सची ऑनलाइन सेवा बंद केली. पण काही ‘हेलो २’ खेळाडूंनी कन्सोल बंदच केले नाहीत. सामना कंपनीच्या सर्व्हरवर नव्हे, तर खेळाडूंपैकीच एकाच्या कन्सोलवर चालायचा, म्हणून आधीपासून जोडलेले लोक खेळत राहिले. एकेक करत ते गळत गेले, आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात शेवटचा खेळाडूही बाहेर पडला.

आता उलटं उदाहरण. नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘मास्टर चीफ कलेक्शन’ आलं. त्यात ‘हेलो २’चे नकाशे, बंदुका, सगळं होतं. पण जुळवणीच नीट चालेना. लोक सामना मिळण्याची वाट बघत बसले. गेम हातात होता आणि तरीही खेळता येत नव्हता.

या दोन घटना शेजारी ठेवल्या की माझा सुरुवातीचा दावा तपासता येतो. २०१० मध्ये जुळवणी मेली, सामना जिवंत राहिला, पण नवीन माणूस आत येऊ शकला नाही, म्हणून तो विझला. २०१४ मध्ये सामन्याचं सगळं साहित्य जिवंत होतं, जुळवणी आजारी होती, म्हणून तो सुरूच होईना. ज्याला आपण ‘हेलो २ ऑनलाइन’ म्हणतो ते डिस्कवर कधी नव्हतंच.

म्हणून जतनाचा प्रश्न अवघड आहे. जेम्स न्यूमन यांनी २०१२ च्या पुस्तकात मांडलंय की जुना गेम चालू ठेवण्यापेक्षा तो कसा खेळला जायचा याची नोंद ठेवणं महत्त्वाचं असू शकतं. ऑनलाइन शूटरसाठी मला हे पटतं. पण नोंदीही कंपनीच्याच घरात असतात. बंजीच्या संकेतस्थळावर ‘हेलो २’ आणि ‘हेलो ३’च्या सामन्यांची आकडेवारी होती: कोण, कधी, कोणत्या नकाशावर. २०२१ मध्ये ते पान बंद झालं. आधी सूचना मिळाल्यामुळे चाहत्यांनी जमेल तेवढं उतरवून घेतलं. संग्रहालयाने नाही, विद्यापीठाने नाही, चाहत्यांनी.

तुमच्या प्रस्तावासाठी

विषय गेमचा नसला तरी ही विभागणी उपयोगी पडेल. कोणत्याही डिजिटल गोष्टीचा अभ्यास करताना तीन थर वेगळे करा: वस्तू, म्हणजे डिस्क किंवा अॅप, सेवा, म्हणजे सर्व्हर, जुळवणी, नियम, आणि वापर, म्हणजे माणसं तिथे काय करायची. मग प्रत्येक थरासमोर लिहा: पुरावा कुठे आहे, तो कोणाच्या ताब्यात आहे, आणि तुमचा प्रबंध पूर्ण होईपर्यंत तो टिकेल का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘सांगता येत नाही’ असेल, तर साहित्याचा आढावा नंतर लिहा. आधी पुरावा उतरवून घ्या.