सैल वायर मॉडेलमध्ये नसते

सागरी अभियांत्रिकीवर बोलायला चंद्रपूर ही जागा जरा विचित्रच. पण वैनगंगेचं पाणी प्राणहिता आणि गोदावरीतून शेवटी बंगालच्या उपसागरालाच मिळतं. मर्चंट नेव्हीत जायचं म्हणणारी मुलं इथेही भेटतात. त्यांनी जहाजाचं इंजिन पाहिलेलं नसतं. त्यांची आणि इंजिनाची पहिली भेट बहुधा स्क्रीनवर होते: बोटाने फिरवता येणारं, झाकण काढून आत डोकावता येणारं इंजिन. अशा मॉडेल्सची समीक्षा पुस्तकासारखीच काटेकोर व्हायला हवी, असं आम्हाला वाटतं.

आधी त्यातला पोकळ माल बाजूला करू. बरीचशी मॉडेल्स नुसती देखणी असतात. पिस्टन चमकतो, व्हॉल्व्हवर बोट ठेवलं की नाव उमटतं, आणि संपलं. त्याला इंटरअ‍ॅक्टिव्ह म्हणतात, पण विद्यार्थ्याने चूक केली तर मॉडेल काहीच बोलत नाही. चुकीचा व्हॉल्व्ह उघडायला गेलं तर तो उघडतच नाही! हे शिकवणं नव्हे, रंगीत तक्ताच तो, फक्त महाग.

खरं मॉडेल चूक करू देतं. उदाहरण घ्या प्युरिफायरचं. इंधनातलं पाणी वेगळं करणारं हे यंत्र मिनिटाला हजारो फेरे घेतं. त्यात ग्रॅव्हिटी डिस्क नावाची चकती असते. तिचं छिद्र गरजेपेक्षा मोठं निवडलं, की तेल आणि पाणी यांच्यामधली सीमा बाहेर सरकते आणि तेल पाण्याच्या वाटेने निघून जातं. प्रत्यक्ष जहाजावर बंद भांड्यात हे कुणालाच दिसत नाही. पडद्यावर दिसतं. इथे मॉडेल खऱ्या यंत्राच्याही पुढे जातं, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

जहाजाच्या स्थिरतेचंही तसंच. भामरागड-सिरोंचाकडे पावसाळ्यात डोंग्यातून नदी ओलांडणाऱ्याला ‘मधेच उभा राहू नको’ हे सांगावं लागत नाही. उभं राहिलं की गुरुत्वमध्य वर जातो आणि डोंगा डुलतो. मॉडेलमध्ये वजन वर सरकवलं की तोच डोल आकड्यांत दिसतो. गडचिरोलीच्या मुलाला जे अंगाने माहीत आहे, ते त्याला गणितात सापडतं. आमच्या मते ही या माध्यमाची सर्वांत मोठी ताकद, आणि तीच फारशी कुणी वापरत नाही.

आता दुसरी बाजू. २६ मार्च २०२४ च्या पहाटे ‘डाली’ हे मालवाहू जहाज अमेरिकेत बाल्टिमोरच्या पुलावर आदळलं. पुलावर काम करणारे सहा जण गेले. जहाजावरचे बहुतेक खलाशी भारतीय होते. म्हणजे बघा, हा विषय आपल्या घरापर्यंत येतो. धडकेच्या आधीच्या काही मिनिटांत जहाजाची वीज दोनदा गेली. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात पहिल्या वेळचं कारण निघालं एक सैल वायर. वायरवरच्या नावाच्या पट्टीमुळे ती टर्मिनलमध्ये पूर्ण आत बसलीच नव्हती. दुसऱ्या वेळी, जनरेटरना इंधन पुरवायला फ्लशिंग पंप वापरलेला होता, आणि वीज गेल्यावर तो आपोआप पुन्हा सुरू होणारा नव्हता.

या दोन बिघाडांत आमचा सगळा मुद्दा आहे. दुसरा बिघाड चांगलं मॉडेल उत्तम शिकवेल. पंप निवडा, वीज घालवा, इंधनाचा दाब कसा पडतो ते बघा. दहा वेळा करा, कुणाला इजा नाही. पहिला मात्र शिकवणं फार अवघड, कारण मॉडेलमध्ये प्रत्येक वायर नीट बसलेली असते. तिथे बिघाड म्हणजे शिक्षकाने यादीतून निवडलेला बिघाड. पट्टी जरा पुढे सरकलीय, हे यादीत कोण घालणार? ते कळायला पुरवठा बंद करून, हाताने वायर ओढून पाहायची सवय लागते.

आंतरराष्ट्रीय नियमांनाही हे ठाऊक आहे. एसटीसीडब्ल्यू करारात इंजिनिअरची पात्रता दाखवण्याच्या मार्गांत जहाजावरचा अनुभव आहे, प्रयोगशाळेतलं काम आहे आणि सिम्युलेटरही आहे, पण ‘योग्य असेल तिथे’. समुद्रापासून दूर, तळेगावजवळ इंदोरीला असलेल्या तोलानी मेरीटाइम इन्स्टिट्यूटनेही आवारातच जहाजाची इंजिन रूम उभी केली. पडद्यावर भागलं असतं तर एवढं लोखंड कशाला आणलं असतं?

आणि लोखंड आपल्याकडे कमी आहे का? दुर्गापूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट. तिथे बॉयलर आहेत, टर्बाइन आहेत, पंप आणि ब्रेकर आहेत. बल्लारपूरला कागद कारखाना आहे. जहाजाचं मुख्य इंजिन वेगळं, हे खरं, पण गरम बेअरिंगचा वास आणि पंप हवा ओढायला लागला की बदलणारा आवाज इथेही तोच. ज्या मुलाने घरी साधी मोटरही उघडलेली नाही, त्याला पडदा जास्त फसवतो. सगळं समजलं असं वाटतं आणि हात कोराच राहतो. मुंबईच्या मुलापेक्षा इथल्या मुलाला ही गोष्ट जास्त महागात पडते, कारण फी बहुधा कर्ज काढूनच भरलेली असते.

म्हणून प्रवेश घेताना कुणी थ्रीडी इंजिन फिरवून दाखवलं, तर जरूर बघा. मग दोन प्रश्न विचारा: यात मी चूक केली तर काय होतं? आणि आठवड्यातून किती तास हातात पाना असेल?