वराचा मित्र : रेव्हरंड टिळक, बालकवी आणि मत्सराचा प्रश्न

रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि बालकवी ठोंबरे यांच्या नात्याचा विषय निघाला की आपल्या वाङ्मयेतिहासात दोन शब्द हमखास येतात : ‘गुरू’ आणि ‘पितृतुल्य’. दोन्ही शब्द खोटे नाहीत. मात्र या शब्दांमुळे एक अवघड प्रश्न विचारण्याआधीच निकालात निघतो. मुलाकडून आणि शिष्याकडून झालेली हार बापाने व गुरूने आनंदाने पत्करावी, असे आपले जुने सुभाषित सांगते. ते खरेच आहे, कारण तिथे जिंकलेला मान आपल्याच घरात राहतो. पण एकाच काळात, एकाच भाषेत, एकाच विषयावर लिहिणारे दोन कवी समोरासमोर आले आणि धाकटा पुढे निघून गेला, तर थोरल्याने काय करायचे? तिथे गुरुत्वाची ढाल कामाला येत नाही. तिथे मैत्री असते किंवा मत्सर असतो. टिळक-ठोंबरे प्रकरण या बाजूने वाचून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मी ख्रिस्ती नाही, आणि या विषयातली विद्यापीठाची पदवीही माझ्याकडे नाही. पिंगुळीत राहून, तालुक्याच्या वाचनालयातून आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून जे हाती लागले त्यावर माझे वाचन झाले. त्यामुळे ख्रिस्ती विचाराकडे मी एक वाचक म्हणून पाहतो.

आपल्याकडे मत्सर हा षड्रिपूंतला सहावा. रिपू म्हणजे शत्रू, आणि तो आपल्या आत बसलेला. त्याला जिंकायचे ते नामस्मरणाने, साधनेने, विवेकाने; म्हणजे हे युद्ध एकट्याचे आहे. बायबलमध्ये मत्सराची गोष्ट आली की तिथे दुसरा माणूस असतोच, आणि बहुतेक वेळा तो भाऊ असतो. काइन आणि हाबेल, योसेफ आणि त्याचे भाऊ, उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला अंगणाबाहेर रुसून उभा राहिलेला थोरला मुलगा. द्राक्षमळ्यातल्या मजुरांच्या दाखल्यात तर दिवसभर राबणाऱ्यांना ठरलेली मजुरी पुरी मिळालेली आहे. त्यांचे दुःख एवढेच, की तासभर काम करणाऱ्यालाही तेवढीच मिळाली. तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनसने मत्सराची व्याख्याच अशी केली आहे, की दुसऱ्याच्या भल्याचे वाटणारे दुःख म्हणजे मत्सर. कोकणपट्टीला या कथा नव्या नाहीत. फादर थॉमस स्टीफन्सने आपले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये साष्टीतल्या रायतूरला छापून आणले, आणि जुन्या करारातली कथा तेव्हाच मराठी ओवीत आली.

या सगळ्या कथांत मैत्रीच्या दृष्टीने सर्वांत मोलाची कथा शौल, योनाथान आणि दावीद यांची. दावीद हा मेंढपाळाचा पोर गल्याथाला मारतो. परतीच्या वाटेवर बायका गाणे म्हणतात आणि त्यात दाविदाच्या पराक्रमाचा आकडा राजाच्या आकड्याच्या दसपट सांगतात. त्या दिवसापासून शौल राजाची नजर फिरते. राजपुत्र योनाथानही त्याच घरातला. खरे पाहता शौलापेक्षा त्याचे नुकसान अधिक, कारण शौलाचे राज्य त्याच्या हयातीत तरी टिकणार होते. गादी जाणार होती ती योनाथानाची. पण योनाथान आपला झगा उतरवून दाविदाला देतो, मग आपली शस्त्रे, तलवार, धनुष्य, कमरबंद. मत्सर नुकसानीच्या प्रमाणात येतो हा आपला समज इथे मोडतो. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. योनाथानाच्या मनात काय चालले होते याची फोड कथा करत नाही; त्याचा जीव दाविदाच्या जिवाशी जडला एवढे सांगते आणि लगेच त्याच्या हातांकडे वळते.

इथे पिंगुळीकराला दुसरा एक राजपुत्र आठवल्याशिवाय राहत नाही. गुढीपूरच्या ठाकर कलावंतांनी सांभाळलेल्या चित्रकथीच्या पोथ्या रामायण-महाभारताच्या आख्यानांच्या. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाल्यावर या कलेचे नाव दूरवर गेले. महाभारत ऐकत वाढलेल्या माणसाला दुर्योधनाने कर्णाला दिलेले अंगदेशाचे राज्य ठाऊक असतेच. तेही दानच आहे आणि तीही मैत्रीच आहे; कर्ण ती प्राण देऊन निभावतो. पण त्या दानाचा उगम पांडवांच्या मत्सरात आहे. अर्जुनासमोर उभा करायला माणूस हवा होता म्हणून राज्य दिले गेले. दुर्योधन देतो ते आपल्या बाजूने लढणाऱ्याला, आणि योनाथान देतो ते आपली जागा घेणाऱ्याला. दोन्ही राजपुत्र उदार आहेत. मैत्रीची पारख करताना औदार्य मोजून भागत नाही. दिलेल्या वस्तूचे तोंड कोणीकडे आहे हे पाहावे लागते.

आता टिळकांकडे येऊ. जन्म १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातले करजगाव. ख्रिस्ती धर्माची दीक्षा १८९५, मुंबईत. ठोंबरे त्यांच्याहून जवळजवळ २९ वर्षांनी लहान, जन्म १८९०, खानदेशातले धरणगाव. १९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरले आणि अध्यक्ष डॉ. का. र. कीर्तिकर यांनी या पोरसवदा कवीला ‘बालकवी’ ही पदवी दिली. पुढच्या वर्षी नोकरीच्या निमित्ताने ठोंबरे अहमदनगरला आले आणि टिळकांच्या घरचे झाले. तेव्हा टिळक नावाजलेले कवी होते आणि लोक त्यांना ‘फुलामुलांचे कवी’ म्हणत.

या बिरुदातच अडचण आहे. फुले हा टिळकांचा प्रांत, आणि ठोंबरे नेमके त्याच प्रांतात उतरले. टिळकांचे ‘वनवासी फूल’ आणि ठोंबऱ्यांची ‘फुलराणी’ शेजारी ठेवून वाचावी. टिळकांचे फूल विचार करते आणि वाचकालाही करायला लावते. ते सुंदर आहे, पण त्याच्या मागे एक उपदेशक उभा असल्याचे आपण विसरत नाही. ‘फुलराणी’त हिरवळीवरची कळी लाजते, सूर्यकिरणाच्या प्रेमात पडते, पहाटे तिचे लग्न लागते, आणि या सगळ्याचा अर्थ काय असे कोणी विचारत नाही. टिळकांनी मराठी कवितेत फुलाला बोलते केले. ठोंबऱ्यांनी त्याला बोधाच्या कामातून मोकळे केले. ‘औदुंबर’सारखी आठ ओळींची कविता टिळकांच्या हातून झाली नसती, कारण तिथे सांगायचे थांबावे लागते, आणि सांगणे हा तर टिळकांचा धर्म होता. कवितेची इतकी जाण असलेल्या माणसाला हा फरक कळला नसेल असे मला वाटत नाही.

आणि हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत नव्हते. १८८० च्या दशकात नागपूरला त्यांची कृष्णाजी केशव दामले या तरुणाशी ओळख झाली. टिळक वयाने मोठे, कवितेतही आधी स्थिरावलेले. तो तरुण पुढे केशवसुत झाला आणि आधुनिक मराठी कवितेचे जनकत्व त्याच्याकडे गेले. केशवसुत, टिळक, विनायक, गोविंदाग्रज, बालकवी अशी नावे आपण एका दमात घेतो. त्या ओळीत वयाने सर्वांत मोठे टिळक. पण ओळीचे नाव केशवसुतांचे आणि ओळीतले लाडके बालकवी. दोन्ही बाजूंनी दुसऱ्याची सावली पडावी अशी ही जागा आहे.

टिळकांच्या मनात कधी मत्सर डोकावला की नाही, हे आज कोणी सांगू शकणार नाही, आणि त्यात मला फारसे स्वारस्यही नाही. योनाथानाच्या कथेने घालून दिलेला धडा इथे उपयोगी पडतो : हातांकडे पाहावे. टिळकांनी ठोंबऱ्यांना घर दिले, पंगतीत पान दिले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याबदल्यात धर्म मागितला नाही. धर्मप्रसार हेच ज्याचे जीवितकार्य, त्याच्या घरात वाढून ठोंबरे हिंदूच राहिले. मित्राला आपल्यासारखे करून घेणे हाही मत्सराचा एक सभ्य प्रकार असतो. आपल्याहून वेगळे आणि आपल्याहून मोठे होण्याची मोकळीक देणे त्याहून कठीण. पुढे १९१७ मध्ये टिळकांनी सातारला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही तऱ्हेच्या ख्रिस्तभक्तांना जागा होती. तत्त्व म्हणून त्यांनी हे तेव्हा मांडले, पण त्यांच्या घरातला व्यवहार त्याआधीच त्या वाटेने चाललेला होता.

योहानाच्या शुभवर्तमानात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिष्य तक्रार घेऊन येतात : तुमच्यामागून आलेल्याकडे आता सगळे लोक जाऊ लागले आहेत. ही तर मत्सराला दिलेली उघड फूस आहे. योहान उत्तर देताना स्वतःला ‘वराचा मित्र’ म्हणवतो. लग्न त्याचे नव्हे, वराचा आवाज कानी पडला की त्याला आनंद. त्याची वाढ व्हावी आणि आपण कमी होत जावे, असे त्याचे म्हणणे. योहानाला इथे गुरू म्हणवून घेता आले असते, बाप्तिस्मा त्यानेच तर दिला होता. त्याने मित्र हा शब्द घेतला. टिळकांसाठीही मला तोच शब्द जवळचा वाटतो.

याला एक वाजवी हरकत आहे. केशवसुतांशी स्नेह जुळला तेव्हा टिळक ख्रिस्ती नव्हते. देण्याचा स्वभाव त्यांचा उपजतच होता. मग यात ख्रिस्ताचे काय? माझ्या मते धर्माने त्यांना औदार्य दिले नाही, औदार्याचा अर्थ दिला. उपजत उदार माणूस मन भरले की हात आखडतो. आपण लहान होत जाणे हाच मार्ग आहे असे मानणाऱ्याला मन भरण्याची सोय उरत नाही.

मात्र इथे थांबलो तर हा लेख गौरवपर होईल आणि हिशेब अर्धाच राहील. योनाथानाने दिला तो झगा त्याच्या अंगावरचा होता. टिळक देत तेव्हा पुष्कळदा ते लक्ष्मीबाईंच्या संसारातले असे. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने पुस्तकरूपात आली. त्यात टिळकांचा तापट स्वभाव, हातचे देऊन टाकणे, घरी कोणालाही आणून ठेवणे हे सगळे आहे. नवरा ख्रिस्ती झाल्यावर काही वर्षांची ताटातूट, मग १९०० मध्ये स्वतः घेतलेली दीक्षा, सोवळ्याचा एकेक पीळ स्वतःच्या हाताने सोडवणे, इतके सोसून उभ्या केलेल्या घरात आणखी एक लहरी कवी आला. त्याच्यासाठी चूल कोणी पेटती ठेवली? नवऱ्याचे लक्ष वाटून घेणाऱ्या या पोराचा मत्सर करायला त्या बाईला पुरेपूर कारण होते. ‘स्मृतिचित्रे’तले ठोंबरे मात्र पदवीधारी बालकवी नाहीत. ते घरातले एक मूल आहे, कौतुक करावे आणि कानही धरावा असे. लक्ष्मीबाई सगळा खर्च मांडतात, पण वसुली मागत नाहीत; वर हसतात. मत्सर जिंकल्याचा याहून भक्कम पुरावा मला मराठीत दुसरा दिसत नाही. टिळकांची मैत्री थोर खरी, पण ती दोघांनी मिळून केलेली होती, आणि आपण श्रेय एकालाच देत आलो.

५ मे १९१८ ला भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून ठोंबरे गेले, तेव्हा ते २८ वर्षांचेही नव्हते. ९ मे १९१९ ला टिळक गेले. टिळकांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ सुरुवातीच्या अध्यायांवरच थांबले होते. ज्या बायकोला त्यांनीच अक्षर शिकवले होते, तिने पुढचे ६४ अध्याय लिहिले. आणि आज परिस्थिती अशी आहे, की टिळकांची कविता पाठ्यपुस्तकापुरती उरली आणि ‘स्मृतिचित्रे’ पिढ्यान्‌पिढ्या वाचली जाते. टिळक असे तिसऱ्यांदा मागे पडले. तिघांपैकी एकाशी त्यांनी तरुणपणी स्नेह जोडला, एकाला घर दिले, एकीला लिहिणे-वाचणे. मात्र तिसऱ्या वेळची परीक्षा द्यायला ते हयात नव्हते. तापट नवरा म्हणून ती त्यांना सर्वांत जड गेली असती, असे ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला अनेकदा वाटते.

हे सगळे उकरून काढण्याचे कारण साधे आहे. तालुक्या-तालुक्यांत आज कविसंमेलने भरतात. व्यासपीठावर ‘मित्रवर्य’ हा शब्द पैशाला पासरी झाला आहे, आणि चांगले लिहिणाऱ्या नव्या मुलाची पाळी नेमकी श्रोते उठू लागल्यावर येते. त्याला मार्गदर्शन करायला सगळे तयार असतात, आपली वेळ त्याला द्यायला कोणी नसतो. नव्या माणसाबद्दल आपल्याला काय वाटते, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. त्याला आपण आपल्या जवळचे काय दिले, ते देताना त्याच्याकडून काय मागितले, आणि त्याची किंमत घरात कोणी मोजली, ही तीन उत्तरे ज्याने त्याने स्वतःशी द्यावीत.