शेक आणि ‘जिउ’ : साम्याची मर्यादा

बारामती-इंदापूरकडील गावांत सुजलेल्या पायांस निर्गुडीच्या वा एरंडाच्या पानांनी शेकण्याचा प्रघात आहे. दवण्याच्या कुळातील वनस्पतीच्या वाळलेल्या पानांचा कापसासारखा कुटा जाळून ऊब देणारी चिनी ‘जिउ’ पद्धती म्हणजे हाच शेक, असे समीकरण मांडणे सुलभ आहे. ते सयुक्तिक मात्र नाही. साधन उभयत्र उष्णता हेच असले तरी उपपत्ती भिन्न आहे. चिनी वैद्यकानुसार प्लीहा व मूत्रपिंड यांचे ‘यांग’ मंदावल्याने अंगात पाणी साचते. म्हणून बेंबीच्या वरील ‘शुइफेन’, म्हणजे ‘जलविभाजन’, या बिंदूस ऊब देतात. आयुर्वेदात स्वेद हा मुख्यतः वात-कफांवरील उपक्रम होय. शिवाय चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील १४ व्या अध्यायात उदररोगी व मधुमेही यांस स्वेद वर्ज्य सांगितला आहे. उपरोक्त समीकरणात नेमका हाच निषेध गळून जातो. उष्णतेने त्वचेतील रक्तवाहिन्या विस्फारून सूज वाढू शकते, आणि मधुमेहाने पायांची संवेदना बोथटली असता भाजल्याचेही कळत नाही, हे आधुनिक वैद्यकासही मान्य आहे. हृदय, मूत्रपिंड वा यकृत यांच्या विकाराचे निदान शेकापायी लांबणे हा तर याहून मोठा धोका. सबब दोन परंपरांची तुलना करणाऱ्या अभ्यासकाने उपायांबरोबर त्यांचे निषेधही ताडून पाहणे अगत्याचे आहे.