हिशेबनिसाचा कान

शार्ङ्गदेव हिशेबखात्यात नोकरीला होता हे कळलं, तेव्हा मला हायसं वाटलं होतं. मूळ घराणं काश्मीरचं. आजोबा दक्खनेत आले, वडील सोढल यादवांच्या चाकरीत लागले आणि हा तेराव्या शतकात सिंघणाच्या पदरी ‘श्रीकरणाधिप’, म्हणजे हिशेबाचा मुख्य. वैद्यकीही जाणायचा. या व्यापातून वेळ काढून त्यानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, सात अध्यायांचा. यादवांच्या राजधानीचा, देवगिरीचा किल्ला आमच्या शहरापासून १५ किलोमीटरवर. मी संगीतावर लिहून पोट भरू पाहते, म्हणून या गृहस्थाशी शेजारपणाचं नातं लावते, इतकंच.

या हिवाळ्यात ‘संगीतरत्नाकरा’चा ग. ह. तारळेकरांनी केलेला मराठी अनुवाद पुन्हा काढला तो कामापोटी. प्रकीर्णकाध्यायात गायकाचे २५ दोष सांगितलेत. दात आवळून गाणारा संदष्ट, मान वर करून गाणारा करभ (म्हणजे उंट), कावळ्याच्या आवाजाचा काकी, अंग पसरणारा प्रसारी, डोळे मिटून गाणारा निमीलक. डोळे मिटणं हा चक्क दोष! आमच्या वृत्तान्तांत त्यालाच ‘तल्लीन’ म्हणतात. नावं ठेवण्याची मजा आहेच, पण यातल्या प्रत्येक शब्दामागे कुणीतरी जवळून पाहिलेला गवई असणार.

आता आमचे शब्द. ‘रसिक मंत्रमुग्ध’, ‘स्वरवर्षावात चिंब’, ‘मैफल उत्तरोत्तर रंगत गेली’. मीही लिहिलेत. एकदा एका दैनिकाला ख्यालाच्या मैफलीवर आठशे शब्द दिले. छापून आले दीडशे, आणि त्यांतले निम्मे दीपप्रज्वलन व मान्यवरांच्या नावांचे, जे मी लिहिलेच नव्हते. विलंबितात गायकाचा दमसास कुठे तोकडा पडत होता, ते वाक्य मात्र उडालं होतं. भांडायचं तरी कशावरून? मानधन पूर्ण मिळालं.

मराठीत संगीतसमीक्षा अशी कधीच नव्हती असं नाही. केशवराव भोळे ‘एकलव्य’ या नावानं गवयांची चिरफाड करत आणि स्वतः संगीतकार असल्यानं ती त्यांना शोभे. गोविंदराव टेंब्यांचा ‘माझा संगीत व्यासंग’ अजून ताजा वाटतो. वामनराव देशपांड्यांचं ‘घरंदाज गायकी’ १९६१ सालचं. स्वर एकीकडे, लय दुसरीकडे. स्वराच्या टोकाला किराणा, लयीच्या टोकाला आग्रा, तोल साधणारं जयपूर मधोमध. अख्ख्या ख्यालगायकीचा ताळेबंदच. वामनराव पेशानं चार्टर्ड अकाउंटंट होते. पुन्हा हिशेबनीस! ज्याची चूल आयोजकाच्या कृपेवर पेटत नाही, त्याचा कान मोकळा राहतो, असा माझा अनुभव आहे. आणि माझी चूल कशावर पेटते ते वर सांगितलंच.

तरी या थोर मंडळींकडे माझी एक तक्रार आहे. त्यांचा कान मैफलीच्या बिछायतीवरून फारसा उठला नाही. मी ज्या शहरात ऐकते, तिथलं मोठं ऐकणं बिछायतीबाहेर चालतं.

१४ जानेवारीला, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव जोडणाऱ्या १९९४ च्या नामविस्ताराच्या स्मरणदिनी, विद्यापीठ गेटवर या. पुस्तकांचे स्टॉल, निळी गर्दी, एकमेकांच्या आवाजावर चढणारी व्यासपीठं. गायन पार्टी बसलेली असते: हार्मोनियम, ढोलकी, बेंजो, मागे कोरस. लोककवी वामनदादा कर्डकांचं गाणं सुरू होण्याआधी गायक शेर टाकतो, एका ओळीवर थांबतो, टाळी घेतो आणि मग मुखड्यावर येतो. ही कव्वालीची चाल. खुलताबादच्या उरुसात रात्री बसलं की तीच युक्ती दुसऱ्या श्रद्धेच्या सेवेत ऐकू येते. प्रल्हाद शिंद्यांनी तर कव्वाली आणि भीमगीत एकाच गळ्यातून काढली. उंच पट्टीतला ताणलेला आवाज, फुटायच्या बेतात आलेला आणि न फुटलेला. त्याला मराठीत काय म्हणायचं? ‘पहाडी’ म्हणून आपण मोकळे होतो.

या गाण्यावर लेखन झालंच नाही असं नाही. भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलशांवर लिहिलं, वामनदादांचं आत्मकथन आहे. याच शहरातून गंगाधर पानतावण्यांच्या ‘अस्मितादर्श’नं दलित साहित्याला समीक्षेची भाषा मिळवून दिली. पण ती शब्दांची भाषा. प्रबंध निघतात तेही आशयावर. गाण्यातला विचार तपासला जातो, गळा आणि ठेका तसेच राहतात. ख्यालावाल्यांनी गाणं ऐकलं पण हे गाणं नाही, आशयवाल्यांनी हे ऐकलं पण गाणं म्हणून नाही.

शार्ङ्गदेवाकडे परत जाते ते यासाठी. त्याच्या प्रबंधाध्यायात, म्हणजे गीतप्रकारांच्या अध्यायात, ओवी आहे. धवल आणि मंगल आहेत, मंगलप्रसंगी गायचे. राजदरबारच्या या संस्कृत पंडितानं लोकांच्या तोंडच्या गाण्यालाही लक्षण बांधून दिलं, रागांच्याच ग्रंथात.

सध्या भीमगीतांच्या गायकीवर एक मोठा लेख करते आहे, कुणी छापेल या भरवशावर. जानेवारीत गेटवर एका पार्टीच्या मागे वही घेऊन बसले होते. दोन गाण्यांमधल्या वेळात ढोलकीवाल्या काकांनी विचारलं,

“काय लिहून घेता, ताई?”

“गाणं, काका.”

“गाणं तर वामनदादांनी लिहिलंय की.”

मी वही पुढे केली. पानभर त्यांच्या डाव्या हाताबद्दलच होतं. त्यांनी बराच वेळ वाचलं, मग एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, “इथं चूक आहे. ही थाप मी बोटांनी नाही, मनगटानं मारतो.”