तमाशाची सुपारी आणि फडाचा व्यवस्थापक

तमाशाविषयीच्या मराठी समीक्षेने गण, गौळण, बतावणी आणि वग यांची चर्चा पुष्कळ केली आहे. शाहिरांची चरित्रे लिहिली गेली, लावणीच्या चालींचा आणि भाषेचा विचार झाला, सोंगाड्याच्या विनोदाची परंपरा शोधण्यात आली. तथापि ज्याच्या ओळखीपाळखीवर फड गावोगाव पोचतो, त्या व्यवस्थापकास या समीक्षेत जवळजवळ स्थान नाही. ही उणीव केवळ माहितीची असती तर तिची एवढी दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु तिच्यामुळे प्रयोगाच्या घडणीचाच अर्थ चुकीचा लावला जातो.

या दृष्टीने शिरूर तालुक्यातील निमोणे आणि त्याच्या आसपासचा मुलूख विचारास सोयीचा आहे. निमोण्याच्या वायव्येस, जुन्नर तालुक्यात, नारायणगाव हे ढोलकीच्या फडांचे मोठे केंद्र. तर दक्षिणेस, दौंड तालुक्यात, चौफुला हे संगीत बारीचे प्रसिद्ध ठिकाण. एकाच जिल्ह्यात कलावंत आणि आश्रयदाते यांचे संबंध जोडण्याच्या दोन अगदी भिन्न रीती अशा समोरासमोर आढळतात.

गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावी फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा समित्यांची मंडळी तेथे येतात, दोनचार राहुट्या हिंडतात, चहा घेतात, भाव करतात आणि विसार देऊन सुपारी पक्की करतात. चैत्रात एकेका तिथीला अनेक गावांच्या यात्रा येतात. अशा तिथीची बिदागी साहजिकच चढते. हा व्यवहार वरवर पाहता बाजाराचा दिसतो. वस्तुतः त्यात पैशाइतकाच ओळखीचा भाग असतो. कोणत्या गावी वर्गणी वेळेवर जमते, कोठे दोन भावक्यांत तेढ असून रात्री दंगा होण्याचा संभव आहे, सरपंचाचा शब्द चालतो की तालमीच्या वस्तादाचा, हे सारे व्यवस्थापकास मुखोद्गत असावे लागते. ही विद्या कोणत्याही पाठ्यक्रमात नाही, आणि ती नसलेला फड उत्तम कलावंत असूनही रिकामा बसतो.

समीक्षकाने येथे थांबून पाहावे असा मुद्दा पुढेच आहे. नाचणाऱ्या बायका किती, सोंगाड्या कोण, चित्रपटातील नवी गाणी किती आणि वग कोणता, हे प्रश्न राहुटीतच विचारले जातात. वग आखडला आणि गौळण नावापुरती उरली, याचा दोष अभ्यासक सरसकट प्रेक्षकांच्या अभिरुचीस देतात. पण ही अभिरुची फडाकडे येते ती यात्रा समितीच्या चार माणसांच्या तोंडून आणि व्यवस्थापकाच्या होकारातून. सुपारी हा म्हणूनच संहितेइतकाच महत्त्वाचा पुरावा होय. ‘नटरंग’ या २०१० सालच्या चित्रपटास याची जाणीव होती असे दिसते. त्यातील पांडोबा फडासाठी धावाधाव करतो, नर्तकी शोधून आणतो, आणि फडात नाच्या हवाच या अटीतून नायकाची सारी शोकांतिका उभी राहते. परंतु कथेचे लक्ष नायकावर खिळते आणि पांडोबा साहाय्यक पात्र म्हणूनच राहतो. समीक्षेनेही त्याला तेथेच ठेवले.

या संबंधांची मालकी कोणाची, हा खरा कळीचा प्रश्न आहे. ढोलकीच्या फडात ती मालकाची आणि व्यवस्थापकाची असते. कलावंत हंगामापूर्वी उचल घेतो आणि ती फेडीपर्यंत फडाशी बांधला जातो. गावांशी त्याचा स्वतंत्र व्यवहार नसतो. कीर्तीनेही ही बाजू सावरत नाही. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना १९५७ व १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव लाभला. त्या स्वतः फडाच्या मालकीण होत्या, तरी २००२ साली झालेल्या निधनापूर्वीचे त्यांचे दिवस हलाखीचेच गेले. २०२० साली या व्यवस्थेची कठोर परीक्षा झाली. त्या वर्षी गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी लागू झाली. यात्रा रद्द झाल्या, पुढच्या वर्षीही तेच घडले. मालकाजवळ निदान गावांची वही होती. ढोलकीवाल्याजवळ तीही नव्हती.

चौफुल्याच्या बारीत चित्र उलटे आहे. तेथे पार्टी बाईच्या नावाची, थिएटर दुसऱ्याचे, आणि रसिक तिच्या नावाने येतो. ओळख तिची स्वतःची. तिची किंमतही तिलाच मोजावी लागते, हे दौलतजादा पाहणाऱ्यास सांगावयास नको. भूषण कोरगावकर यांच्या ‘संगीत बारी’ या ग्रंथाचे मोल असे की, त्यात या बायकांचे आपसांतील नाते, थिएटरमालकाशी चालणारा हिशेब आणि रसिकाशी राखलेले अंतर यांकडे लावणीइतक्याच आस्थेने पाहिले आहे. रसिकाला किती जवळ येऊ द्यावयाचे, हेही तेथे कसबच आहे.

याच अभ्यासातून पुढे कोरगावकर आणि सावित्री मेधातुल यांनी रंगमंचीय प्रयोग उभा केला, आणि शकुंतलाबाई नगरकर यांच्यासारख्या बारीच्या कलावंत शहरी नाट्यगृहांत तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर आल्या. संशोधक येथे व्यवस्थापक झाला. हा बदल स्वागतार्ह आहे यात शंका नाही. बैठकीची लावणी आणि तिची अदा ज्यांनी केवळ चित्रपटात पाहिली होती, त्यांना ती प्रथमच नीट दिसली. मात्र नारायणगावच्या राहुटीला लावलेली कसोटी या नव्या उपक्रमासही लावली पाहिजे. नाट्यगृहाचा चालक, महोत्सवाचा आयोजक आणि वृत्तपत्रातील परीक्षक यांच्याशी जुळलेल्या ओळखी निवेदकापाशी राहतात, की पुढच्या तारखेसाठी नाट्यगृहवाला सरळ बाईंनाच विचारतो? तमाशाच्या यापुढील अभ्यासकाने ग्रंथालयातील बाडांबरोबर पाडव्याच्या दिवशीच्या राहुटीतही बसावयास हवे, आणि सुपारीच्या कागदावर सही कोणाची आहे हे पाहावयास हवे.