ओळखीचे पद आणि मैफलीची तबकडी

तबकडीवरचे गाणे हे मुळी गाणेच नव्हे, असे ठासून सांगणारे रसिक आमच्या वर्ध्यासही आहेत. त्यांचे म्हणणे असे की, जेथे गायक समोर नाही, तंबोऱ्यांची आस कानाशी घुमत नाही आणि शेजाऱ्याची मान डोलताना दिसत नाही, तेथे उरतो तो गाण्याचा केवळ सांगाडा. बंद दाराआड, घड्याळाकडे पाहत भरलेल्या तबकड्यांविषयी हा आक्षेप आम्हांस बऱ्याच अंशी मान्य आहे. परंतु जी तबकडी प्रत्यक्ष मैफलीतच, श्रोत्यांच्या समक्ष भरली गेली, तिलाही हाच न्याय लावावा काय? आणि जिच्यातील सारी पदे श्रोत्यांस आधीपासून तोंडपाठ आहेत, अशा तबकडीची गोडी असते तरी कशात? या प्रश्नाचा थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. त्यासाठी एक उदाहरण घरचे घेऊ आणि एक परदेशचे.

घरचे उदाहरण नाट्यपदांचे. 'सौभद्र' 1882 साली रंगभूमीवर आले. 'मानापमान' 1911 साली गोविंदराव टेंब्यांच्या चालींनी आणि 'स्वयंवर' 1916 साली भास्करबुवा बखल्यांच्या चालींनी गाजले. त्या वेळी पद हे पात्राच्या मालकीचे होते. रुक्मिणीचे पद रुक्मिणीने, त्या त्या प्रसंगीच गावयाचे. पुढे 1932 साली 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला आणि हळूहळू नाटक मंडळ्यांचे दिवस फिरले. पदे मात्र जगली. ती मैफलीत आली आणि मोठा ख्याल आटोपल्यावर श्रोत्यांच्या फर्माइशीने गाइली जाऊ लागली. दरम्यान, तीन-साडेतीन मिनिटांच्या जुन्या तबकड्यांनी त्या पदांचे एक ठराविक रूप घरोघरच्या कानांत पक्के बसविले होते. यामुळे एक मोठीच सोय झाली. पद कसे जाणार हे श्रोत्यास ठाऊक, आणि ते त्यास ठाऊक आहे हे गायकासही ठाऊक. मग श्रोता ऐकतो ते पद नव्हे. गायक रुळलेली वाट कोठे सोडतो आणि परत कसा येतो, हे तो ऐकतो.

या कलेचे मर्म आम्हांस विशेषेकरून वसंतराव देशपांडे यांच्या मैफलींच्या ध्वनिमुद्रणांत जाणवले. मूर्तिजापूर येथे 1920 साली जन्मलेला आणि नागपुरात वाढलेला हा गायक, म्हणून आम्हां वैदर्भीयांस त्यांच्याविषयी थोडा अधिक जिव्हाळा वाटतो, हे आम्ही नाकारीत नाही. 'कट्यार काळजात घुसली' हे 1967 सालचे नाटकही नागपूरच्याच पुरुषोत्तम दारव्हेकरांचे. संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे. नाटकाच्या तबकडीत वसंतरावांचे पद जेवढे हवे तेवढेच आहे, नेटके व घोटीव. मैफलीतले त्यांचे गाणे निराळे. तेथे एखादा शब्द ते धरतात, सोडतात, पुन्हा अवचित दुसऱ्याच बाजूने धरतात. तान जेथून उठेल असे वाटते तेथून उठत नाही. आणि आता सम हुकली म्हणून आपण हळहळणार, तोच ती सापडते. हा थरार नवख्या चिजेत तितकासा लाभत नाही, कारण नवख्या वाटेवर कोणी वाट सोडली हे आपणांस कळणार कसे?

आता परदेशाकडे वळू. अमेरिकेतील जॅझ गायकांचीही रूढ पदे असतात, आणि त्यांतील कितीतरी आमच्या पदांप्रमाणेच नाटकांतून आलेली आहेत. जॉर्ज गर्श्विन, कोल पोर्टर प्रभृतींनी ती रंगभूमीसाठी रचिली. नाटके मागे पडली, पदे गायकांच्या गळ्यांत राहिली. एला फिट्झजेराल्ड या थोर गायिकेने 13 फेब्रुवारी 1960 रोजी बर्लिन येथे केलेल्या मैफलीची तबकडी प्रसिद्ध आहे. साथीस पियानो, गिटार, खर्जाचे तंतुवाद्य व तालवाद्य, एवढेच. मूळ तबकडीत नऊ पदे; बहुतेक सगळी श्रोत्यांच्या परिचयाची. शेवटच्या पदात ती शब्द बाजूस सारून निरर्थक अक्षरांवर सुमारे सात मिनिटे गाते. ज्याने तराणा ऐकला आहे त्यास हा प्रकार परका वाटणार नाही. मध्येच ती दुसऱ्या पदांचे तुकडे ओवून देते, आणि ते ओळखणारा श्रोता सुखावतो.

परंतु त्या तबकडीची कीर्ती झाली ती त्याआधीच्या पदामुळे. ब्रेख्ट आणि कुर्ट वाइल यांच्या 1928 सालच्या संगीतिकेतले, मॅक नामक खुनी दरोडेखोराचे ते पद. शब्द आठवोत म्हणजे झाले, अशी आशा ती आरंभीच बोलून दाखविते. आणि काही कडव्यांनंतर ते खरोखरच आठवेनासे होतात. तिने थांबावयास हवे होते काय? ती थांबत नाही. आपण शब्द विसरलो, हेच ती तालात व चालीत बसवून गाऊ लागते. ते पद आधी गाजविणाऱ्या दोन गायकांची नावे त्यात गुंफते, त्यांतील लुई आर्मस्ट्राँगच्या घोगऱ्या आवाजाची नक्कल करते, आणि टाळ्यांच्या गजरात पद शेवटास नेते. ध्वनिमुद्रणगृहात हा भाग तत्काळ पुसला गेला असता. येथे तो राहिला, आणि त्या गायनास अमेरिकेतील ग्रॅमी पारितोषिकही लाभले. गंमत अशी की, ते पद जन्मले तेही बर्लिनमध्येच. मराठी वाचकास ही संगीतिका परकी नाही, पु. ल. देशपांडे यांनी तिचा 'तीन पैशाचा तमाशा' केला आणि जब्बार पटेलांनी तो 1978 साली रंगभूमीवर आणिला. ज्या पु. लं.नी वसंतरावांस पेटीची साथ केली, त्यांनीच ही वस्तू मराठीत आणावी, हा योगायोग आम्हांस रम्य वाटतो.

येथे कोणी म्हणेल, चूक ती चूकच. तिचे कौतुक कसले? आमचे उत्तर असे की, कौतुक चुकीचे नव्हे. चूक झाल्यावर गायकाची सारी विद्या एका क्षणात उघडी पडते, त्याचे आहे. तोंडपाठ पद बिनचूक म्हणणारा किती जाणतो हे कळण्यास मार्ग नसतो.

तथापि एका आक्षेपास आमच्यापाशी तितके सोपे उत्तर नाही. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी वर्ध्यात एका स्नेह्यांच्या ओसरीवर मैफल झाली होती. तिची ध्वनिफीत आमच्या संग्रही आहे. गायकाचे नाव सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. ज्यांची ओसरी, त्या स्नेह्यांनीच आम्हांस गाणे ऐकावयास शिकविले. मात्र त्यांची 'वाहवा' नेहमी समेच्या किंचित आधी निघे. त्या रात्रीही तशीच निघाली. गायकाने ती ऐकली, समेवर यावयाचे टाळून मिस्किलपणे आणखी एक आवर्तन घेतले, आणि सारी ओसरी हसली. ते स्नेही आता नाहीत. ही ध्वनिफीत आमच्या घरी इतक्या वेळा वाजली आहे की, आमची मुलगी त्या 'वाहवा'च्या आधीच हसते. जे त्या रात्री अकस्मात घडले, ते आता पाठ झाले आहे. तबकडी क्षण राखते, परंतु राखता राखता त्याचे आकस्मिकपण हिरावून घेते. बर्लिनची ती विस्मृतीही आज हजारोंस मुखोद्गत आहे.

हा दोष खरा आहे. परंतु तो तबकडीपेक्षा आमच्या ऐकण्याच्या सवयीचा आहे, असे आम्हांस वाटते. तीच तबकडी शंभरदा ऐकणाऱ्याने ती मैफलीऐवजी ऐकू नये. पुढच्या मैफलीची तयारी म्हणून ऐकावी. नागपूर आमच्यापासून 75 किलोमीटरांवर आहे. तेथील मोठ्या मैफलीस जाणे प्रत्येक कुटुंबास साधतेच असे नाही. अशा घरांत मैफलीची तबकडी हीच कित्येकदा मुलांची पहिली मैफल ठरते. म्हणून आमची सूचना एवढीच की, मुलांस आधी पदाची मूळची छोटी तबकडी ऐकवावी, ती पाठ होऊ द्यावी, आणि मग तेच पद मैफलीतले ऐकवावे. वाट कोठे सुटली हे त्यांस आपसुक कळेल. आणि पुढे कधी गावात एखाद्या ओसरीवर गाणे असल्याचे कळले, तर त्यांस बोटाला धरून घेऊन जावे. 'वाहवा' थोडी आधी निघाली तरी हरकत नाही.